२,३१,७३५ रुपयांची ‘आजीवन’ क्रूझ

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लाजायला नको. सुट्टीच्या ‘सदस्यत्वा’पायी आमचे गेले ते २,३१,७३५ रुपये. एवढ्या पैशांत आम्ही दोघं आजवर एक रात्रही कुठे राहिलेलो नाही आणि बोट तर लांबूनही पाहिलेली नाही.

मॉलमध्ये भरलेलं कूपन, ‘तुमची निवड झालीय’ असा फोन, नवरा-बायको दोघांनी यायची अट, हॉटेलचा हॉल, कानठळ्या बसवणारी गाणी, दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘जॉइन’ झालं म्हणून टाळ्या. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. तीस वर्षं हिशेब खात्यात काढलेली बाई मी, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींचा खर्च पै न् पै मीच मांडते. तरी गेले. कारण सांगते, पटलं तर घ्या. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. एसटीत पंच्याहत्तरीनंतर फुकट आणि त्याआधी अर्धं तिकीट, पण राज्याची हद्द संपली की तेही संपलं. ‘एकदाच पैसे भरा, २५ वर्षं दरवर्षी सात रात्री, हवं तर रिसॉर्ट, हवं तर क्रूझ’ हे वाक्य आमच्या वयाच्या माणसाला नेमकं कुठे लागतं, ते त्या पोरांना बरोबर माहीत असतं.

पडद्यावर परदेशातली निवृत्त माणसं दाखवली. बोटीवरच कायमची राहतात म्हणे, वृद्धाश्रमापेक्षा स्वस्त पडतं. तीन वर्षांची जगप्रदक्षिणा म्हणून गाजावाजा झालेली ‘लाइफ ॲट सी’ सफर नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाली, कारण आयोजकांना बोटच विकत घेता आली नाही, हे कोण सांगणार? ‘व्हिला व्ही ओडिसी’ ही असलीच दुसरी बोट, मे २०२४ मध्ये निघायची ती दुरुस्तीपायी बेलफास्टला अडकली आणि सप्टेंबरअखेर हलली. पण तिथे निदान बोट तरी होती.

आता पैसे कसे गेले ते. सांगितलेली किंमत १,८५,०००. ‘फक्त आज’ म्हणून १,४५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २६,१००. एकूण १,७१,१००. त्यातले ५०,००० यांच्या डेबिट कार्डावरून आणि १,२१,१०० माझ्या क्रेडिट कार्डावरून, बारा महिन्यांचे हप्ते पाडून. हप्ता १०,९३०. म्हणजे व्याज १०,०६० आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी १,८११. ‘बिनव्याजी’ हा शब्द त्या पोराने तीनदा वापरला होता. कागदावर एकदाही नाही.

आणि आता तो क्षण. कार्ड घासलं, मी पिन टाकला, मोबाइल वाजला. संदेशात कंपनीचं नाव वेगळं होतं. हॉलच्या फलकावर एक नाव, कराराच्या पहिल्या पानावर दुसरं, आणि पैसे गेले ते तिसऱ्याच नावावर, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी ते वाचलं. चष्मा डोळ्यांवर होता. मी विचारलंसुद्धा, ‘हे कोण?’ तो हसून म्हणाला, ‘मॅडम, आमची ग्रुप कंपनी.’ आणि मी मान डोलावली! नोकरीत असताना पावतीवरचं नाव आणि धनादेशावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी मी बिल परत पाठवायचे. त्या दिवशी दुसरं कार्ड अजून पर्समध्ये होतं. ५०,००० वर थांबता आलं असतं. मी तेही काढून दिलं, कारण टेबलाशी चार जण उभे होते आणि ‘विचार करून सांगते’ म्हणायची लाज वाटली. रात्री झोप लागत नाही ती या ‘ग्रुप कंपनी’मुळे.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक तिथल्या तिथे बघा. पंधरा अक्षरं-आकडे असतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्या पावतीवर ०७ होतं, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक घातला की नोंदणीचं नाव, तारीख आणि नोंदणी चालू की रद्द हे दिसतं. दोन मिनिटांचं काम. मी ते तीन महिन्यांनी केलं.

साधा भागाकारही केला नाही. २५ वर्षं गुणिले सात म्हणजे १७५ रात्री. १,४५,००० भागिले १७५ म्हणजे दोघांची रात्र ८२९ रुपयांत. एवढ्यात बरी लॉज मिळत नाही आणि ही मंडळी आम्हाला समुद्रावर नेणार होती. क्रूझच्या जाहिरातीतला दर माणशी असतो आणि केबिनमध्ये दोघं धरलेले असतात. एकट्याने जायचं तर जवळजवळ दुप्पट मोजावे लागतात. वर बंदर शुल्क, टिप, जीएसटी. धक्क्यावर उतरून फिरायचं तर तेही वेगळं. सर्वांत स्वस्त केबिन म्हणजे बिनखिडकीची.

करार २२ पानांचा. पान १४ वर ‘आजीवन’ म्हणजे ‘करार चालू असेपर्यंत’, आणि करार दहा वर्षांचा. वार्षिक देखभाल शुल्क ९,८०० अधिक जीएसटी, म्हणजे ११,५६४, तुम्ही कुठे जा अथवा जाऊ नका; एका वर्षाचं मीही भरलं. एक वर्ष चुकलं की सदस्यत्व रद्द. क्रूझ ‘उपलब्धतेनुसार’. दिवाळी नाही, मे नाही, डिसेंबर नाही. रद्द करायची दहा दिवसांची मुभा होती, पण ती ‘स्वागत किट’ पोचायच्या आधीच संपली. कारण करारावर त्यांनी तारीख मागची टाकलेली. सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घाला, आणि प्रत्येक पानाचा फोटो टेबलावरच काढा, कुणी कितीही घाई केली तरी.

अखेर ‘बुकिंग’ आलं. मुंबई ते लक्षद्वीप, जुलै. बंदर शुल्क आणि टिप माणशी १८,६००, दोघांचे ३७,२००, तेही एका माणसाच्या खासगी यूपीआयवर. माझं माहेर रत्नागिरीकडचं. नारळी पौर्णिमेआधी समुद्राच्या वाटेला जायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल, आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या या सफरी बहुतेक बंदच असतात. तरी भरले. आधीचे बुडू नयेत म्हणून. खऱ्या बुकिंगला बोटीच्या कंपनीचा आरक्षण क्रमांक असतो, प्रत्येक प्रवाशाचं नाव असतं, केबिनचा प्रकार असतो. तो क्रमांक बोटीच्या कंपनीला फोन करून पडताळता येतो. माझ्याकडे आला होता व्हॉट्सॲपवर एक रंगीत फोटो.

पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘हा दिवाणी मामला आहे काकू, ग्राहक मंचात जा’. सायबर फसवणुकीच्या १९३० वर, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार घेतली, क्रमांक दिला, कंपनीला पाठवली. कंपनीने उत्तर दिलं नाही, तर तक्रार ‘निकाली’! कुणाची निकाली? ज्येष्ठांच्या १४५६७ वर एक मुलगी फार गोड बोलली आणि शेवटी म्हणाली, १९३० ला फोन करा. बँकेतल्या साहेबांनी तर कमाल केली. अर्जात ‘व्यवहार मी केलेला नाही’ या चौकटीत खूण करायला लावली. आठ दिवसांत फेटाळला, कारण पिन माझाच. खूण ‘सेवा मिळाली नाही’ इथे हवी होती. हा वाद निराळा, त्याचे पुरावे निराळे आणि मुदत मोजकी. हे ज्याला माहीत असायला हवं तो पगार घेऊन पलीकडे बसलेला, आणि चूक कुणाची, तर माझी! बँक ३० दिवसांत दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. ठाणेदार गुन्हा नोंदवत नसेल तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, मग तीच टपालाने अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पाठवा. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ आहे, ते अर्जात लिहा. मी ४२० लिहिलं तर हवालदार हसला.

ग्राहक आयोगात मात्र जा. करारात ‘फक्त दिल्लीचे न्यायालय’ लिहिलेलं असलं तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. तिन्ही नावांना प्रतिवादी करा. नोटीस ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा मारून परत आली तर पाकीट फोडू नका, बंदच दाखल करा. मी एक फोडलं.

तीन तारखा झाल्या. एकदा प्रतिवादी आला नाही, एकदा सदस्य रजेवर, एकदा नुसतीच पुढची तारीख.

आणि परवा फोन. ‘मॅडम, तुमचं सदस्यत्व विकून देतो, पूर्ण पैसे परत, फक्त एनओसीचे १२,५०० आधी भरा.’ त्याला माझा सदस्यत्व क्रमांक तोंडपाठ होता. तो क्रमांक मला माहीत आहे, यांना माहीत आहे आणि त्या हॉलमधल्या लोकांना.