चुन्याची निवळी की सोडा-कॅल्शियमची जोडी?

प्रवाळ वाढवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्षारता (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) साधारण ८ ते ९ डीकेएच, म्हणजे क्षारता मोजण्याच्या एककात आठ-नऊ, राखावी लागते, कारण प्रवाळ आपला सांगाडा घडवताना पाण्यातील कार्बोनेट आणि कॅल्शियम रोज खर्च करत असतात.

पहिला मार्ग चुन्याच्या निवळीचा. आरओच्या एक लिटर पाण्यात खात्रीचा शुद्ध विरवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साईड) सुमारे दीड ग्रॅम विरघळतो. तो ढवळून झाकून ठेवल्यास तळाशी गाळ बसतो, वर पातळ पांढरी साय धरते आणि मधली नितळ निवळी तेवढी वापरायची असते. १०० लिटरच्या टाकीत ही लिटरभर निवळी क्षारता सुमारे १.१ डीकेएचने वाढवते, सोबत कॅल्शियमही योग्य प्रमाणात देते. मात्र तिचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबानेच सोडावी आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याइतकीच घालावी. कोल्हापुरात खरी अडचण इथेच येते: एप्रिलमध्ये टाकीचे पाणी झपाट्याने उतरते, पण आषाढ-श्रावणाच्या झडीत ते जेमतेम हलते आणि निवळीला जागाच उरत नाही.

दुसऱ्या मार्गात बेकिंग सोडा आणि कॅल्शियम क्लोराईड यांची द्रावणे वेगवेगळ्या वेळी घालतात. एकत्र पडली तर पाणी दुधासारखे गढुळते. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा सुमारे १ डीकेएच देतो. या दोन्हींतून मीठ मागे उरून पाण्याचा खारटपणा हळूहळू चढतो, त्यामुळे पाणीबदल चुकवू नये. पावसाळ्यासाठी मी हीच जोडी निवडेन, आणि खिडक्या बंद राहून पीएच उतरलाच, तर पहाटे थोडी निवळी जोडीला देईन.