घरी येणारे पॅलिएटिव्ह केअर पथक : आमच्या कुटुंबाचा अनुभव

मुंबईतील उपचार थांबले आणि कर्करोगाच्या रुग्णाला गावी आणले की पुढे काय करायचे, हे कोकणातील कुटुंबांना सहसा कोणी नीट सांगत नाही. आमच्या आईच्या अखेरच्या काळात राजापूर तालुक्यातील घरी एका धर्मादाय संस्थेचे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे रुग्णाच्या वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, पथक दर आठवड्याला येत असे. त्यात परिचारिका आणि समुपदेशक नेहमी असत, डॉक्टर गरजेप्रमाणे येत. भेटीचे शुल्क नाही. औषधांचे पैसे ऐपतीप्रमाणे द्यायचे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना ठेवून घेते. पण आयुष्य पडवीत काढलेल्या माणसाला शेवटी खाटही तिथेच हवी असते, आणि म्हणून घरी येणाऱ्या सेवेचे मोल आमच्याकडे अधिक आहे.

वेदनाशमनाचे काम चोख होते. मॉर्फिन हे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक; त्याचे नाव काढले की नातेवाईक दचकतात. डॉक्टरांनी मात्र लहान मात्रेपासून सुरुवात करून, दर चार तासांनी गोळी का द्यायची, दुखू लागेपर्यंत का थांबायचे नाही आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध का टाळायचे नाही, हे घरातल्या सर्वांना बसवून समजावले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ही औषधे देणे सोपे झाले आहे, तरी तालुक्याच्या औषध दुकानात ती मिळत नाहीत. संस्थेशी नोंदणी करण्याचे तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

परंतु या सेवेचे खरे वैशिष्ट्य माझ्या मते वेगळे आहे. भाऊ नोकरीनिमित्त मुंबईत, त्यामुळे सारा भार वहिनींवर होता. परिचारिकेने त्यांना जुन्या नऊवारीची चौपदरी घडी आईच्या कमरेखाली घालून, दोघींनी दोन्ही टोके धरून, अंग न ओढता उचलून कूस कशी बदलायची हे करून दाखवले. दर दोन तासांनी हे केल्याने पाठीला जखम झाली नाही. त्यानंतर प्रत्येक भेटीत ती वहिनींना मागील दारी नेऊन त्यांचे जेवण, झोप, स्वतःच्या रक्तदाबाची गोळी यांची चौकशी करी. घरात येणारा प्रत्येक पाहुणा ‘आई कशा आहेत?’ एवढेच विचारत असताना ‘वहिनी, तुम्ही रात्री किती झोपलात?’ असे विचारणारी ती एकटीच होती. तिच्याच सांगण्यावरून भावाने आळीपाळीने रजा काढली आणि मुंबईच्या चुलत भावंडांनीही, केवळ फोनवर सल्ले न देता, काही रात्री जागवल्या.

समुपदेशकाने आईशी बोलताना आजाराचे नाव पुढे केले नाही. कशाची काळजी वाटते, एवढेच विचारले. ‘बाय, माझ्यामागारी घराला कुलूप लागलं तर गणपती कुठं बसायचा?’ असे आई म्हणाली. आपल्याला काय झाले आहे हे तिला ठाऊक होते, आणि आम्ही मात्र फायली कपाटात लपवत होतो. समुपदेशक असलेल्या त्या मुलीने आम्हा दोन्ही मुलांना आईसमोर बसवले. दरवर्षी गणपतीला घर उघडायचे, दिवाबत्ती शेजारच्या काकांकडे सोपवायची आणि सामायिक सातबाऱ्याचा विषय आताच मिटवायचा, असे त्या बैठकीत ठरले. इतके स्पष्ट बोलणे आमच्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. रात्रीचा म्हणून दिलेला फोन दोनदा उचलला गेला नाही, आणि त्यांतील एका रात्री आईला धाप लागली होती. पावसाळ्यात घाटीवरची माती खाली आली की भेट हुकते, पण तसे आधी कळवण्याची पद्धत नाही. सूचना तोंडी दिल्या जातात. घाबरलेल्या माणसाच्या त्या लक्षात राहत नाहीत, तेव्हा मोठ्या अक्षरांतला एखादा कागद भिंतीवर लावायला द्यायला हवा. आईच्या निधनानंतर एक सांत्वनभेट झाली आणि संबंध संपला. वहिनींना खरी गरज दिवसकार्य आटोपून मंडळी मुंबईला परतल्यावर भासली. अशा वेळी मनावरचा ताण बोलून दाखवण्यासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, हेही संस्थेने नव्हे, गावच्या आशा आरोग्यसेविकेने सांगितले.

नोंदणी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवू नये; उपचार चालू असतानाही हे पथक येते. पहिल्या भेटीला रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, चालू औषधांची यादी आणि रुग्णाजवळ प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती हजर असावी. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मात्र मोजून संस्थेकडे परत द्याव्या लागतात, म्हणून दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहून ठेवावी.