कोमेजलेलं फूल: खिडकीपाशी कॅमेरा की स्कॅनरची काच?

कोमेजत चाललेल्या फुलांची स्टिल लाइफ छायाचित्रं करायची म्हटलं की पहिली चौकशी लेन्सची होते. त्याआधी फुलाकडे बघावं. त्यात खोली किती उरली आहे आणि पाणी किती, यावर साधन ठरतं. डच गुलाब मलूल झाला तरी पाच-सहा सेंटिमीटर खोल असतो. ट्युलिपची गळलेली पाकळी टेबलावरून जेमतेम बोटभर उचललेली असते. गुलाबाला कॅमेरा लागतो. पाकळीला मात्र घरातला फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर पुष्कळदा जास्त न्याय देतो, आणि हा पर्याय बहुतेकांच्या डोक्यात येतच नाही.

आधी कॅमेरा. सुकणाऱ्या पाकळीचं सगळं सौंदर्य सुरकुत्यांत असतं, आणि सुरकुती दिसते ती कडेने घासत येणाऱ्या उजेडात. म्हणून फूल उत्तरेच्या खिडकीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर, खिडकी फुलाच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी गळत्या पाकळ्या रंगवल्या त्याही अशाच एका बाजूच्या उजेडात. खिडकीच्या विरुद्ध अंगाला पांढरा थर्माकोल लावायची सवय असेल तर ती इथे सोडा आणि काळा पुठ्ठा लावून बघा. सावल्या गडद झाल्या की कागदासारख्या झालेल्या कडा उठून दिसतात. मागे एक मीटरवर काळं मखमली कापड. काळं कार्डशीट तिरप्या उजेडात चकाकतं आणि राखाडी दिसतं. घरातले दिवे बंदच ठेवा, नाहीतर खिडकीच्या निळसर सावल्यांत बल्बचा पिवळा मिसळतो आणि तपकिरी छटांचा चिखल होतो.

खरी अडचण फोकसची. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १० सेंटिमीटरचं फूल चौकटीच्या उंचीत भरलं, तर एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम १ सेंटिमीटर जाडीचा पट्टा धारदार येतो. एफ/१६ ला तो २ सेंटिमीटर होतो, पण त्यापुढे छिद्र लहान करत गेलं की सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. त्यामुळे खोल गुलाबाला एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि पुढून मागे फोकस सरकवत १० ते १२ फ्रेम्स, मग सॉफ्टवेअरमध्ये त्यांची जोडणी. शटर अर्धा ते दोन सेकंद येईल. पंखा बंद. मान टाकलेला गुलाब पाण्याबाहेर काढला की हळूहळू वाकतच राहतो. डोळ्याला कळत नाही, जोडणीत मात्र पाकळीच्या कडा दुहेरी येतात. देठाला मागून काडी बांधा, देठ पिनहोल्डरमध्ये (फुलं खोचायच्या खिळ्यांच्या बैठकीत) खोचा आणि दहा मिनिटं तसंच ठेवून मगच पहिली फ्रेम घ्या.

लाल गुलाबाचा आणखी एक त्रास. सुकताना पाकळीतली प्रथिनं मोडतात, पेशीरसाची आम्लता उतरते आणि लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. हा झुकाव हाच तर चित्राचा विषय, पण कॅमेऱ्यात लाल चॅनल आधी भरून वाहतो आणि सगळी पाकळी एकाच रंगाचा ठोकळा होते. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धास्त दाखवत असला तरी लालचा वेगळा बघा आणि एक्सपोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा. खिडकीऐवजी एलईडी पॅनेल वापरणार असाल तर त्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर हवा, आणि गडद लालचा आर९ हा आकडाही चांगला हवा. स्वस्त पॅनेलमध्ये तोच कमी असतो आणि सुकलेला मरून रंग मातकट येतो.

आता स्कॅनर. इथे सगळा फरक सेन्सरच्या जातीचा आहे. घरातल्या प्रिंटरवर बसवलेले बहुतेक स्कॅनर आणि कॅननची लाइड मालिका सीआयएस (काचेलगतच्या सेन्सर-पट्टीच्या) प्रकारची. यांना काचेवरचे काही मिलिमीटरच स्पष्ट दिसतात, वरचं सगळं धुकट. एप्सन व्ही६०० सारख्या सीसीडी स्कॅनरमध्ये खरी लेन्स असते. एक-दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत बऱ्यापैकी तपशील येतो आणि पुढे चित्र सावकाश मऊ होत जातं, ते दिसतंही छान. आपला कुठला हे ठाऊक नसेल तर प्लास्टिकची फूटपट्टी एक टोक काचेवर आणि दुसरं २ सेंटिमीटर उचलून ठेवा आणि स्कॅन करा. मिलिमीटरच्या रेघा कुठे विरघळतात ते लगेच कळेल.

झाकण उघडं ठेवून खोली अंधारी करा. स्कॅनरचा उजेड वर जाताना झपाट्याने विरतो, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप काळी येते. फूल पालथं मांडायचं असल्यामुळे मांडणी पाठीमागून दिसते, म्हणून दर बदलानंतर प्रीव्ह्यू घ्यावाच लागतो. वजनाने पाकळी काचेवर दाबली गेली की तिथे सपाट, ओलसर डाग उमटतो आणि चित्र मेलं. त्यावर उपाय सोपा: पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर आडवी काठी, काठीला दोऱ्याने देठ बांधायचा आणि पाकळ्या काचेला टेकतील न टेकतील अशा सोडायच्या. सीआयएस स्कॅनर लाल, हिरवा, निळा दिवा पाळीपाळीने लावतो, त्यामुळे पाकळी जराशी हलली तरी कडेला रंगीत रेघा येतात. दोरा पूर्ण स्थिर होऊ द्या.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवलं तर ए४ काचेची सुमारे साडेतीन कोटी पिक्सेलची, १०० एमबीच्या आसपासची फाइल मिळते. १० सेंटिमीटरची पाकळी भिंतीवर ४० सेंटिमीटर करायची असेल तर १२०० डीपीआय लावा, पण फक्त तेवढाच भाग निवडून; पूर्ण काच स्कॅन केली तर फाइल चौपट होते. आपोआप धूळ काढणं, शार्पनिंग आणि रंग उजळणं हे तिन्ही पर्याय बंद करा. धूळ काढणारं सॉफ्टवेअर पाकळीवरचे तपकिरी ठिपके डाग समजून पुसून टाकतं, म्हणजे नेमकं जे हवं तेच! परागकण मात्र खरंच त्रास देतात. लिलीचे पुंकेसर आधी चिमट्याने काढा आणि दर स्कॅनला काच पुसा.

स्कॅनरचा उजेड जवळजवळ समोरून पडतो. शिरा, ठिपके, पारदर्शक कडा सुरेख येतात. घड्यांची खोली येत नाही. पण एकच फूल आठ दिवस रोज टिपायचं असेल तर स्कॅनरला तोड नाही, कारण त्याचा उजेड रोज तोच असतो. खिडकीपाशी तेवढ्यासाठी तीच वेळ, तसंच आभाळ आणि दर वेळी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) लागतं.

फुलाप्रमाणे सांगायचं तर शेवंती आकार धरून सुकते, ती कॅमेऱ्याची. कमळाचं आधी कॅमेऱ्यात, पाकळ्या गळल्या की काचेवर. जास्वंद दुसऱ्या दिवशी गुंडाळी करून बुळबुळीत होते आणि काचेला चिकटते. ती स्कॅन करायची तर उमललेल्या दिवशीच. सोनचाफ्याला बोट लावलं तिथे तपकिरी ठसा उठतो, म्हणून देठाला किंवा चिमट्यानेच धरा. कार्नेशन लवकर कोमेजायला हवं असेल तर बंद पिशवीत पिकलेल्या केळ्याशेजारी रात्रभर ठेवा. केळ्याच्या इथिलीनने पाकळ्या आत मिटतात.

हवेचाही हिशोब ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पाकळी मऊपणाची पायरी ओलांडून थेट कुरकुरीत होते. देठ थोड्या पाण्यात ठेवला तर एखादा दिवस हाती लागतो. कोकणात जुलैत उलटं, फूल सुकण्याआधी बुरशी धरतं. तेव्हा ते पाण्याबाहेर, सावलीत, पंख्याखाली ठेवा आणि पंखा फक्त टिपताना बंद करा.

पैसे घालायचेच असतील तर क्रम असा: घरात कॅमेरा असेल तर आधी ट्रायपॉड, मग मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स. फोनच असेल तर मॅक्रो मोड टाळा, कारण तो बहुतेकदा अल्ट्रावाइड लेन्स वापरतो आणि फोनचीच सावली फुलावर पडते. दोन-तीनपट टेलिफोटो असेल तर तो लावून जरा मागे सरका. काहीच नसेल आणि प्रिंटर असेल तर आज संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या निर्माल्यातल्या चार पाकळ्यांची मांडणी काचेवर करून बघा. फूटपट्टीची चाचणी काही मिलिमीटरवरच अडली आणि तरीही पाकळ्यांचं काम आवडलं, तरच जुना सीसीडी स्कॅनर शोधायला निघा. घेताना काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर नाही ना, हे टॉर्च मारून तपासा, कारण काळ्या पार्श्वभूमीवर तोच आधी दिसतो.