तिळगुळासाठी कागदी डब्या : एका तयार संचाचा अनुभव

यंदा माझ्या धाकट्या जावेची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. हलव्याचे दागिने, काळी साडी आणि हळदीकुंकू हे ओघाने आलेच. वाण काय लुटायचे तेही आम्ही दोघींनी डिसेंबरातच ठरवून टाकले होते. प्रश्न उरला तो तिळगुळाचा. येणाऱ्या पन्नासएक जणींच्या हातावर एकेक लाडू ठेवण्याऐवजी चार लाडू बसतील एवढी कागदी डबी प्रत्येकीला द्यावी आणि ती विकत न आणता घरीच करावी, असे तिच्या मनात आले. ‘तिळगूळ हातावर द्यायचा असतो गं, त्याचं पार्सल करायचं नसतं,’ हे सासूबाईंचे मत आम्ही निमूटपणे ऐकून घेतले आणि त्याच रात्री ऑनलाइन एक तयार संच मागवला. हे परीक्षण त्या संचाचे आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा स्वरूपाचे संच आता अनेक जण विकतात आणि जे दोष मला दिसले ते कोणताही संच घेताना तपासून पाहण्यासारखे आहेत.

संचाची किंमत ६९९ रुपये होती आणि त्यात २४ डब्यांचे साहित्य होते, म्हणजे एक डबी साधारण २९ रुपयांना पडली. आठ डब्या उशीच्या आकाराच्या, आठ समोशासारख्या तिकोनी आणि आठ झाकणाच्या चौकोनी असे तीन प्रकार होते. सगळे कागद आधीच कापलेले, घडीच्या रेषा दाबून ठेवलेल्या, सोबत दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्ट्या, सॅटिनची रिबन, सरावासाठी ए-४ आकाराचे चार कोरे कार्डशीट आणि आकार गिरवण्यासाठी जाड पुठ्ठ्याचे तीन साचे. खोके उघडताना मन प्रसन्न झाले, हे मान्य केले पाहिजे. गुलाबी, मोरपंखी आणि हळदी असे तीन रंग होते व त्यांवर सोनेरी बुट्टी छापलेली होती. सूचनापत्रक मात्र अगदीच त्रोटक होते. आकृत्या इतक्या बारीक की माझ्या जावेने मोबाइलने त्यांचे छायाचित्र काढून ते मोठे करून पाहिले, तेव्हा कोणता कान कोणत्या खाचेत जातो हे आम्हाला उमगले.

सर्वांत चांगली निघाली ती समोशासारखी डबी. तिच्यात चिकटवण्याचे कामच नाही. चार त्रिकोण वर उचलायचे, टोकाच्या भोकांतून रिबन ओवायची आणि गाठ मारायची. तिसऱ्या डबीपासून आमचा हात असा बसला की मिनिटभरात एक डबी तयार होऊ लागली. दोष म्हणाल तर एवढाच की या आकारात लाडू नीट बसत नाहीत. दोन बसतात आणि वर निमुळती जागा वाया जाते. काटेरी हलवा भरायचा असेल तर याहून सुबक डबी मला सुचत नाही.

उशीच्या आकाराच्या डबीची गंमत तिच्या वक्र घडीत आहे. सपाट कागदावर कमानीसारखी रेषा दाबलेली असते आणि त्या रेषेवर दोन्ही टोके आत ढकलली की मधला भाग आपोआप फुगतो. कागदाच्या ताणामुळेच तोंड बंद राहते. पण हाच ताण लांबीच्या एकुलत्या सांध्यावर येतो आणि तो सांधा संचात दिलेल्या टेपने चिकटवायचा असतो. आम्ही रात्री आठच्या आठ डब्या करून ताटात मांडून ठेवल्या होत्या. सकाळी पाहिले तर त्यांतल्या पाच उघड्या पडल्या होत्या, जणू रात्रभर कोणी त्यांच्यात काही शोधत बसले होते. टेप फेकून दिली, फेविकॉलचा अगदी पातळ थर बोटाने पसरवला, सांध्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दहा मिनिटे ठेवले, तेव्हा त्या टिकल्या. फेविकॉल जास्त झाला की कागदाला लाटा येतात, म्हणून थर पातळच हवा. एवढे साधे वाक्य त्या पत्रकात नव्हते.

खरी निराशा केली ती चौकोनी डबीने, आणि आम्हाला हवी होती ती नेमकी तीच. घडी घालताच कडेवर रंग तडकून आतला पांढरा कागद दिसू लागला, तोही चारांपैकी दोनच कडांवर. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात, त्यामुळे लाकडाप्रमाणे कागदालाही उभा-आडवा कल असतो. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते. त्यांना आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडी फाटल्यासारखी दिसते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला तर जिकडे कमी जोर लागतो ती तंतूंची दिशा, हे हातालाच कळते. चौकोनी डबीला दोन्ही दिशांच्या घड्या असल्याने दोन कडा आडव्या येणे अटळ आहे; म्हणूनच त्या रेषा आधी पुरेशा खोल दाबाव्या लागतात आणि कागद आरपार रंगवलेला असावा लागतो. येथे रेषा नावापुरत्या दाबलेल्या होत्या आणि रंग वरवर छापलेला होता. उरलेल्या डब्यांवर मी शाई संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेषा पुन्हा गिरवल्या, तेव्हा तडे बरेच कमी झाले. पण हे काम मलाच करायचे असेल, तर रेषा दाबून देण्याचे पैसे कशाचे घेतले?

कागद पातळ आहे अशी शंका हाताला पहिल्यापासून येत होती. खोक्यावर २५० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम, असे छापलेले होते. ए-४ कागदाचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असते, तेव्हा सरावाचे चार कागद मिळून पाव चौरस मीटर होतात आणि त्यांचे वजन ६२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ५१ ग्रॅम भरले, म्हणजे कागद सुमारे २०४ जीएसएमचा. सरावाचे कागद वेगळ्या गठ्ठ्यातले असू शकतील असे मानले, तरी डब्यांचा कागद बोटांना त्याहून जाड लागत नव्हता. कंपनीला काट्याच्या छायाचित्रासह पत्र पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आले ते पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे. वजनाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

याहून गंभीर वाटलेली बाब म्हणजे आतल्या बाजूला खाद्यपदार्थासाठी कोणतीच सोय नव्हती. तिळात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. परीक्षा म्हणून एका डबीत चार लाडू ठेवून ती रात्रभर तशीच राहू दिली, तर सकाळी तळाशी चार अर्धपारदर्शक गोल डाग उमटले होते आणि झाकण उघडताच तिळाच्या आधी शाईचा वास आला. खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी वा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास आपल्याकडे २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केली आहे, ती मुख्यत्वे छपाईच्या शाईमुळेच. या संचाच्या खोक्यावर लाडू आणि चॉकलेटे भरलेल्या डब्यांची चित्रे आहेत, पण हा कागद अन्नाला लागला तर चालेल की नाही, याचा उल्लेख कुठेही नाही. आम्ही प्रत्येक डबीत बटर पेपरचा चौकोन घातला. विकत घेतलेली डबी असो वा घरी केलेली, हे अस्तर टाळू नये.

२४ डब्यांपैकी देण्याजोग्या १९ झाल्या आणि आम्हाला हव्या होत्या ५१. दुसरा संच मागवण्याची माझी तयारी नव्हती. सासूबाई इतके दिवस गंमत पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी वाणी पुडी बांधायचा, तिला ना टेप लागायची ना गोंद. तुम्हाला बिनगोंदाची डबी येत नाही होय?’ टोमणा असला तरी मुद्दा बिनतोड होता. घड्यांच्याच जोरावर उभी राहणारी चौकोनी डबी मला शाळेच्या वयात येत होती. जपानमध्ये तांदूळ मोजण्याचे जे लाकडी चौकोनी माप असते, आपल्या मापट्याच्या जातीचे, त्याच्यावरून तिला मसू म्हणतात. चौरस कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग समोरासमोरच्या कडा मध्यापर्यंत दुमडून पुन्हा उलगडायच्या, दोन कोपरे मोकळे करून भिंती उभ्या करायच्या आणि ते कोपरे आत वळवून तळाशी दाबायचे. कात्री नाही, गोंद नाही. शिवाय कोपरे आत गेल्याने भिंती दुपदरी होतात आणि तळाला आपसूक अस्तर मिळते.

तिचे गणितही सोपे आहे. तयार डबीची बाजू मूळ चौरसाच्या कर्णाच्या पाव असते आणि उंची त्या बाजूच्या निम्मी. १४.४ सेंटीमीटरच्या चौरसाची डबी ५.१ सेंटीमीटरची होते आणि ती अडीच सेंटीमीटर उंच भरते, झाकणासाठी १४.८ सेंटीमीटरचा चौरस घेतला की ते दीड मिलिमीटरच्या आसपास मोठे होते आणि अलगद बसते. अडीच सेंटीमीटर व्यासाचे चार लाडू तिच्यात दोन-दोनच्या ओळीत नेमके मावतात. नेमके म्हणजे इतके नेमके की पाक गरम असताना माझ्या नवऱ्याने उत्साहाने वळलेले जरा मोठे लाडू झाकण उचलून धरत होते आणि ते सगळे घरातल्यांसाठी बाजूला काढावे लागले.

कागदासाठी मी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले. १९४० मध्ये सुरू झालेली ही संस्था सुती कापडाच्या चिंध्यांपासून हाताने कागद करते. हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे त्याला यंत्राच्या कागदासारखा ठळक कल नसतो आणि चारही घड्या सारख्याच बसतात. सुती तंतू लांब असल्याने घडीवर तडाही सहसा जात नाही. (जुन्या मोडी दप्तरांच्या संदर्भात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची नावे येतात, आणि शतके लोटली तरी त्यातले बरेच कागद घड्या उलगडून वाचता येतात, ते उगीच नव्हे.) अडचण एकच, ती म्हणजे या कागदाची कड दातेरी, ओबडधोबड असते आणि ती कापून टाकल्याशिवाय काटकोन मिळत नाही. सुमारे ५६ बाय ७६ सेंटीमीटरच्या एका कागदातून कडा वगळून १५ चौरस निघाले. ५१ डब्या आणि ५१ झाकणे यांना सात कागद पुरले, आणि उरलेल्या पट्ट्यांतून नावाच्या चिठ्ठ्या कापल्या. एका डबीमागे कागदाचा खर्च दहा रुपयांच्या आत बसला. जाडीच्या बाबतीत हाव करू नये. १०० ते १२० जीएसएमचा कागद मसूसाठी पुरे, त्याहून जाड घेतला तर कोपरे आत वळताना फुगतात आणि झाकण बसत नाही.

वेळ मात्र लागला. पहिल्या डबीला सात मिनिटे, विसाव्या डबीनंतर अडीच ते तीन. आम्ही दोघी आणि माझी भाची अशा तिघींनी दोन संध्याकाळींत काम उरकले. ज्यांना आठ-दहाच डब्या हव्या आहेत आणि लहान मुलांना सुट्टीत काहीतरी हातात द्यायचे आहे, त्यांनी असा संच घ्यायला माझी हरकत नाही. फक्त टेपऐवजी फेविकॉल वापरावा, रेषा पुन्हा दाबाव्यात आणि बटर पेपर विसरू नये. हळदीकुंकू, बारसे, मुंज अशा प्रसंगांसाठी पन्नास-शंभर डब्या लागणार असतील, तर ६९९ रुपयांचा सुटा कागद आणणे शहाणपणाचे. पाचपैकी दोन तारे मी देते, आणि ते दोन्ही पुठ्ठ्याच्या साच्यांना.

कारण ते साचे खरोखर उत्तम आहेत, आणि त्यांचा उपयोग आम्हाला संच संपल्यावर सापडला. आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिका वर्षानुवर्षे साठवल्या जातात. गणपतीचे चित्र असल्याने त्या टाकवत नाहीत. समोशाच्या आकाराचा साचा या जाड पत्रिकांवर ठेवून, गणपतीवर घडी येणार नाही अशा बेताने, आम्ही हलव्यासाठी बारा डब्या कापल्या. कागद त्या संचातल्या कागदापेक्षा कितीतरी जाड आणि फुकटचा. हळदीकुंकवाच्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या एक काकू डबी हातात फिरवत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा वर करून त्यांनी तिच्या एका बाजूवरचे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ वाचले, पुढची बाजू वाचली आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर आमच्या मोठ्या पुतण्याची पत्रिका!’ त्यांनी ती डबी हलव्यासकट पदराखाली घेतली आणि पुतण्याला दाखवायला म्हणून दुसरीही मागून नेली.