लाल झकास, हिरवी बेतास बात: अल्बुकर्कीतलं डायनर

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात कुठल्याही साध्या डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत, बसा, ऑर्डर घेता घेता वेट्रेस विचारणारच, "रेड ऑर ग्रीन?" म्हणजे वरून लाल मिरचीचा रस्सा घालू की हिरव्या. राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून तिथल्या विधिमंडळानेच हा ठरवून टाकलाय. दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. मी ख्रिसमस म्हटलं, म्हणून दोन्हींबद्दल लिहिता येतंय.

आमचं डायनर याच राज्यातल्या अल्बुकर्की शहरात, सेंट्रल अव्हेन्यूवर, म्हणजे रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध महामार्गावर. नाव देत नाही, कारण थोडी तक्रार आहे आणि तीही एकाच दुपारच्या जेवणावरून. रेक्झिनचे लाल बाक, काउंटरपुढे गोल फिरती स्टुलं, टेबलावर मधाची प्लास्टिकची बाटली. आमच्या शेजारी कामगार बूट घालून आलेली चार माणसं गप्प मान खाली घालून जेवत होती. ते बघूनच मला जागा आवडली.

मी निळ्या मक्याचे एन्चिलाडा घेतले, सोबत कार्ने अडोवाडा. इथे एन्चिलाडाची गुंडाळी करतातच असं नाही. टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, एकावर एक सपाट रचतात, मधे चीज आणि कांदा, वर रस्सा, आणि सांगितलंत तर माथ्यावर अर्धकच्चं तळलेलं अंडं. सांगाच. पिवळा बलक लाल रश्शात उतरला की तिखटाची धार बरोबर मऊ होते. निळ्या मक्याची टॉर्टिया करड्या रंगाची, दिसायला काही खास नाही, पण चव खमंग, आणि रश्शातही तिचा लगदा झाला नाही.

लाल रस्सा मात्र अप्रतिम. पिकून वाळलेल्या मिरच्या भिजवून वाटलेल्या, लसूण, मीठ, बहुधा किंचित ओरेगानो, बस. रंग पाहून घाम फुटावा, पण जिभेवर आधी मातकट गोडवा येतो आणि तिखट सावकाश मागून चढतं, अगदी ब्याडगीसारखं. अडोवाडा म्हणजे याच लाल वाटणात मुरवून मंद शिजवलेलं डुकराचं मांस. काट्याने नुसतं दाबलं तरी सुटत होतं. एरवी मिरची पदार्थाला लावतात. इथे मिरची हाच पदार्थ, बाकी सगळं तिला टेकू.

हिरवीने निराशा केली. मिरची तीच, फक्त कच्ची तोडलेली. ती भाजून, साल काढून, चिरून रस्सा करतात, आणि त्या भाजल्याचा धुरकट वास हाच तिचा जीव. आमच्या ताटातली पिठाने दाट केलेली, चिकट, नुसतीच तिखट. आम्ही गेलो एप्रिलमध्ये, तेव्हा गोठवलेली मिरची असणार हे कबूल. पण गोठवलेल्या मिरचीलाही भाजल्याचा वास राहतो, पिठाखाली गाडली नाही तर.

शाकाहारी मंडळींनी इथे लक्ष द्या. माझी नणंद मांस खात नाही. मेन्यूत चीज एन्चिलाडा, बीन्स, भात असं सगळं निरुपद्रवी दिसत होतं. "वहिनी, तरी विचारून घेते," म्हणाली आणि तिने वेट्रेसची उलटतपासणीच घेतली. ती बिचारी दोनदा आत जाऊन आली. निष्पन्न असं: हिरव्या रश्शात डुकराचं मांस, भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला, लाल रस्सा निव्वळ मिरचीचा, बीन्समध्ये चरबी नाही. हे दर डायनरला बदलतं. कुठे बीन्समध्ये चरबी असते, कुठे लालमध्येही मांसाचा अर्क, तेव्हा "व्हेजिटेरियन आहे का?" एवढं मोघम विचारू नका, एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा. नणंदेला भाताऐवजी जास्तीचे पिंटो बीन्स मिळाले, वेगळे पैसे न लावता. याच बीन्सना आणि मिरचीला न्यू मेक्सिकोने १९६५ साली राज्यभाजीचा मान दिलाय. साधेच, मिठाचे, पण छान शिजलेले.

सोपापिया, म्हणजे तळलेल्या पुऱ्यांसारखा प्रकार, जेवणाबरोबरच येतात, टम्म फुगलेल्या, गरम. आम्ही गोड म्हणून शेवटाला ठेवत होतो, तर वेट्रेसने हटकलं: कोपरा फाडा, आत मध सोडा, आत्ताच खा. तोंड भाजत असताना बर्फाच्या पाण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा. पोसोले एक वाटी मागवलं होतं, चुन्याच्या पाण्यात शिजवून फुगवलेल्या मक्याच्या दाण्यांचं. दाणे छान, रस्सा पाणचट. कॉफीबद्दल न लिहिलेलंच बरं, पण कप रिकामा राहू देत नाहीत.

बिल जेवण संपायच्या आधीच टेबलावर येतं. हाकलत नाहीयेत, डायनरची रीतच तशी. टिप धरून दोघींचे पन्नास डॉलरही झाले नाहीत, आणि अर्धे एन्चिलाडा डब्यात बांधून घेतले. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जाणार असाल तर हिरवी मागवून बघा; तेव्हा दुकानांबाहेर जाळीच्या पिंपांत ताज्या मिरच्या भाजत असतात. बाकी वर्षभर या डायनरमध्ये लाल, वर अंडं.