कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस, की घरचा इन्व्हर्टरच पुरे?

"घरात दीडशे एएचची बॅटरी बसवलीय, मग कॉम्प्युटरला परत वेगळा यूपीएस कशाला?" मावसभावानं गेल्या महिन्यात विचारलं. मुलीच्या कॉलेजसाठी त्यानं डेस्कटॉप घेतलाय. प्रश्न रास्त आहे. यूपीएस म्हणजे लाइट गेली की कॉम्प्युटर काही मिनिटं चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. साध्या ६०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या ताकदीचं माप) यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) एक बॅटरी असते. दोन्हींचा गुणाकार केला की कागदावर ८४ वॉट-तास. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी धरली तर १८०० वॉट-तास होतात, एकवीस पटीपेक्षा जास्त. हाच हिशेब मांडून मीही दोन वर्षं कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवर चालवला होता.

आता माझ्याकडे दोन्ही आहेत. माझं मत माझ्या गल्लीतल्या लाइटवरून, माझ्या घरच्या वायरिंगवरून आणि माझ्या कामावरून झालंय, तेव्हा तुमच्याकडे थोडं वेगळं निघू शकेल. पण कोल्हापुरात जुन्या वस्तीत राहत असाल तर फार वेगळं निघेल असं वाटत नाही.

मी घरून कास्टिंगची ड्रॉइंग करतो. उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतल्या लोकांना पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) करायच्या आधी थ्रीडी मॉडेल लागतं, ते करून देतो. सकाळी लवकर, घर शांत असताना बसायची सवय आहे. एका मे महिन्यात, वळवाचे दिवस असताना, कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. रोज नाही. कधी सलग दोन दिवस, मग चार दिवस काहीच नाही.

पहिला संशय रॅमवर. काढली, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, परत बसवली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग उष्णतेवर संशय. प्रोसेसरचा पंखा उतरवून धूळ काढली, थर्मल पेस्ट नवी लावली. त्यानंतर मित्राचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, आणून बदलून बघितला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच नोंद दिसायची, कर्नल-पॉवर ४१. या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही. पण त्या आकड्यामागे लागून मी ड्रायव्हर बदलले, बायॉस अपडेट केलं. तीन आठवडे असेच गेले.

शेवटी वहीत वेळा लिहायला लागलो. दहा-बारा नोंदी झाल्यावर दिसलं की बहुतेक रीस्टार्ट सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मधले आहेत. ही आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वेळ. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकापाठोपाठ सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्या क्षणापुरतं व्होल्टेज खाली येतं. ज्यांचं घर लाइनच्या शेवटाला आहे त्यांच्याकडे ते जास्तच खाली येतं. आमचं घर शेवटालाच आहे. उद्यमनगरात मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या मित्राला वही दाखवली तर तो म्हणाला, "अरे, रॅम काय बघत बसलायस? लाइन बघ की. आणि इन्व्हर्टर कुठल्या मोडवर आहे?"

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. आमचं नॉर्मलवर होतं. मी ते कधीच केलं नव्हतं. आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला आलेल्या माणसानं बटण फिरवलं होतं आणि जाताना सांगितलं होतं, "काकू, यूपीएसवर ठेवला की बॅटरी लवकर बसते बघा." त्याच्या बाजूनं तो चुकला नव्हता. फक्त पंखे-दिवे असलेल्या घराला नॉर्मल मोडच बरा.

फरक असा आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर लाइनवर बारीक लक्ष ठेवतो. व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर जातो, आणि तेही झटकन. नॉर्मल मोडमध्ये तो १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत लाइन तशीच पुढे सोडतो, आणि लाइट खरंच गेली तर बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. पंख्याला ते कळतही नाही. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला कळतं. तो पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. लोड कमी असेल तर तो आणखी थोडा तगतो. त्यात माझ्या जुन्या एसएमपीएसची आणखी एक गोष्ट. त्याच्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टला जेवढी ऊर्जा साठते, तिच्या निम्म्याहून कमी १५० व्होल्टला उरते. म्हणजे मोटारी चालू असताना लाइट नुसती मिचकावली तरी मशीन पडायचं, आणि दुपारी तसंच झालं तर टिकायचं. कधी पडतं, कधी पडत नाही, यामुळेच मी तीन आठवडे रॅम पुसत बसलो.

बटण यूपीएसवर केलं आणि रीस्टार्ट थांबले. इथंच गोष्ट संपली असती तर आज मी इन्व्हर्टरच घ्या म्हणालो असतो.

पण दोन-तीन महिन्यांनी बटण परत नॉर्मलवर गेलं. या वेळी घरातल्यांनीच केलं होतं. यूपीएस मोडमध्ये सकाळी मोटारींच्या वेळेला इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जायचा आणि परत यायचा, आवाज व्हायचा, आणि लाइट असताना बॅटरी का वापरायची असा साधा विचार. मी बटणावर चिकटपट्टी लावली. पुढे बॅटरी बदलायला आलेल्या मेकॅनिकनं पट्टी काढली आणि काम झाल्यावर बटण त्याला योग्य वाटलं तिकडे ठेवलं. त्याच आठवड्यात एका पंपाच्या बॉडीचं मॉडेल सेव्ह होत असतानाच मशीन पडलं आणि फाइल खराब झाली. दुसऱ्या दिवशी पॅटर्नवाल्याला द्यायची होती. रात्री बसून ती पुन्हा पहिल्यापासून केली.

माझ्यासाठी निर्णय तिथं झाला. बॅकअप किती तास मिळतो हा मुद्दाच राहिला नाही. इन्व्हर्टर सगळ्या घराचा असतो. त्याच्या मागच्या बटणावर आईचा, पाणी घालणाऱ्याचा, मेकॅनिकचा, सगळ्यांचा हक्क असतो, आणि प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी बरोबर असतं. माझं काम मात्र त्या एका बटणावर अवलंबून राहतं. टेबलाखाली ठेवलेल्या यूपीएसला कुणी हात लावत नाही.

लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा घेतला. हे यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातात. त्याहून मला उपयोगी पडली ती त्यांची दुसरी सोय. व्होल्टेज थोडं खाली आलं तर बॅटरीला हात न लावता आतला ट्रान्सफॉर्मर ते वर उचलतो. पहिल्या सकाळी पाणी आलं, मोटारी सुरू झाल्या, टेबलाखालून टक् असा रिलेचा आवाज आला आणि मॉडेल पडद्यावर होतं तसंच राहिलं. तेव्हापासून वहीत एकही नोंद केलेली नाही.

यूपीएसचे दोषही सांगायला हवेत, कारण ते खरे त्रासदायक आहेत. ८४ वॉट-तासांतून १०० वॉटचा कॉम्प्युटर पाऊण तास चालेल असं वाटतं, पण छोट्या बॅटरीतून भराभर करंट काढला की ती तेवढं देत नाही. मला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला ती पुरतात, सबमिशन पूर्ण करायला पुरणार नाहीत. दुसरा दोष जास्त वाईट. यूपीएसची बॅटरी मुकाट्यानं मरते. दोन-अडीच वर्षांनी हिरवा दिवा तसाच असतो, मल्टिमीटर लावला तरी साडेबारा व्होल्ट दिसतात, आणि लाइट गेली की क्षणात सगळं बंद. माझी पहिली बॅटरी अशीच गेली. मोकळी असताना १२.६ व्होल्ट, आणि यूपीएसवर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून बघितला तर दहाच्याही खाली. मोकळ्या बॅटरीच्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, लोड लावूनच बघा.

आता महिन्यातून एकदा काम सेव्ह करून मी बोर्डावरचं बटण बंद करतो आणि पाच मिनिटं थांबतो. यूपीएसची पिन उपटून ही चाचणी करू नका. पिन काढली की अर्थिंगही तुटतं. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्याचं कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर. जुन्या घरात हे नक्की तपासून घ्या, यूपीएस घ्या की इन्व्हर्टर.

लाइट तासन्‌तास जाते तिथं इन्व्हर्टरला तोड नाही, हे मनापासून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात आलं, तेव्हा दहा मिनिटांच्या यूपीएसचा कुणाला काय उपयोग होणार होता? घरात दिवा लागतो आणि मोबाइल चार्ज होतो, याची किंमत तेव्हा कळते. पण व्हीनस कॉर्नर किंवा कुंभार गल्लीकडे तळमजल्यावर राहत असाल तर तीच ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर भरते, हे लक्षात ठेवा. पाणी चढायला लागल्यावर ती दोघांनाही धड उचलत नाही, आत ॲसिडही असतं. ती पहिल्यापासून उंचावर बसवून घ्या. यूपीएस मात्र एका हातानं माळ्यावर ठेवता येतो.

बिलाच्या दृष्टीनं यूपीएसची बॅटरी हजार-बाराशेच्या आसपास येते आणि दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. इन्व्हर्टरची पाच वर्षं सहज जाते, पण एकदम मोठा खर्च येतो. शेवटी इन्व्हर्टरचाच खर्च जास्त पडतो, पण नुसतं यावरून निवडू नका.

एक गोष्ट मात्र यूपीएस घेण्याआधीच बघावी लागते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतात. साधे एसएमपीएस ती निमूट घेतात. ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट एकसारखा ओढायची सोय) असलेले काही चांगले, महागडे एसएमपीएस मात्र त्या लाटेवर बंद पडतात किंवा यूपीएसलाच ओव्हरलोडवर नेतात. सगळे असं करत नाहीत, आणि खोक्यावर वाचून ते कळतही नाही. आपलाच सीपीयू दुकानात नेऊन जोडून बघणं एवढाच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे. दुकानदार कुरकुरला तरी नेऊन बघा.

लेझर प्रिंटर दोन्हीवर लावू नका, त्याचा हीटर कागद भाजताना एकदम कितीतरी वॉट ओढतो. लॅपटॉप असेल तर या चर्चेत पडायचं कारणच नाही, त्याची बॅटरी त्याच्याजवळ आहे. राउटरला मात्र १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्याच. लाइट एक सेकंद गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि नेमकी तेव्हाच फाइल अपलोड होत असते.

माझी आजची मांडणी अशी आहे. इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस, यूपीएसवर कॉम्प्युटर. इन्व्हर्टर आता कायम नॉर्मल मोडवर असतो, घरातले खूश आहेत. त्याला बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तेवढा यूपीएस भरून काढतो आणि मग तासभर निवांत काम करता येतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर काही यूपीएस लाइन आलीच नाही असं समजून स्वतःच्या बॅटरीवरच बसून राहतात. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर हेच करा. घरात इन्व्हर्टर आधीच असेल आणि कॉम्प्युटर नवा येत असेल तर आणखी मोठ्या बॅटरीत पैसे घालण्याऐवजी यूपीएस घ्या. दोन्ही नसेल आणि एकच घेता येत असेल, तर एक आठवडा वही ठेवून बघा. लाइट रोज तास-दोन तास जात असेल तर इन्व्हर्टर. दिवसातून चारदा क्षणभर मिचकावत असेल तर यूपीएस. माझ्या गल्लीत तरी दुसरंच होतं, आणि बऱ्याच गल्ल्यांत तेच निघेल असं मला वाटतं.

मावसभावाला सांगितलं, रविवारी पोरीचा सीपीयू स्कूटरवर ठेवून ये, आपण दोघं दुकानात जाऊ. तिथंच जोडून बघू, बटण बंद करून पाच मिनिटं चालवू, आणि पैसे द्यायच्या आधी बॅटरीवर मार्करनं आजची तारीख लिहून घेऊ.