मेणाच्या शेकाचं यंत्र: आठ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्याच्या झाकणाबद्दल

वितळलेल्या मेणात हात बुडवून शेकायचं माझं यंत्र परवा दुरुस्त होऊन परत आलं. 23 दिवस घरात नव्हतं. ते नसताना जे कळलं ते असताना सात महिन्यांत कळलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. किती वॅट, किती मेण मावतं, ते खोक्यावर छापलेलंच आहे.

मी ऱ्हुमॅटॉइडवाली, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते तो संधिवात, सहावं वर्ष. वयाच्या झिजेचा संधिवात वेगळा. हे यंत्र दोघांनाही एकाच तोंडाने विकतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. माझी बोटांची टोकाची पेरं ठीक आहेत. मधली पेरं, बोटांची मुळं आणि मनगटं गेलेली. सकाळी दीड तास हात माझे नसतात. दात घासायचा ब्रश दोन्ही तळव्यांमध्ये धरायचा, असा प्रकार.

आधी झाकणाचं बोलते, कारण आठ महिने मी त्याच्याशीच भांडते आहे. झाकणाला दोन बाजूंना दोन खटके. दोन्ही एकाच वेळी अंगठ्यांनी आत दाबायचे आणि दाबलेले असतानाच उरलेल्या बोटांनी झाकण वर ओढायचं. चिमटीत जोर लागतो, अंगठ्यात जोर लागतो, मनगट वाकवावं लागतं. हात मोकळे करायचं यंत्र, आणि ते उघडायला हात मोकळे लागतात! ज्याने हे आखलं त्याने सकाळी साडेसहाला आमच्यापैकी एकीला तरी समोर बसवून ते उघडायला लावायला हवं होतं. पहिले दोन आठवडे लेकीला हाक मारायचे. ती डोळे मिटलेलेच ठेवून यायची, उघडून द्यायची, परत जाऊन पडायची. मग मला शरम वाटायला लागली. लाकडी चमच्याची दांडी एका खटक्यात खुपसायची, दुसरा कोपराने दाबायचा आणि झाकण हनुवटीने ढकलायचं, अशी युक्ती बसवली. कोणी पाहिलं असतं तर मी पेटी फोडते आहे असंच वाटलं असतं.

बाकी यंत्र आपलं काम करतं. साधं पॅराफिन मेण वितळायला हाताला सोसणार नाही इतकी उष्णता लागते, म्हणून त्यात तेल मिसळलेलं असतं आणि 52 ते 54 अंश सेल्सियसला ते हात बुडवण्याजोगं पातळ राहतं. तेवढ्या गरम पाण्यात हात ठेवून बघा, जागेवर ओढून घ्याल. मेणातली उष्णता हळू उतरते आणि पहिला थर बसला की तोच पुढच्या थराला आडवा येतो. हात आधी कोरडा ठणठणीत पुसायचा. पाण्याचा थेंब राहिला तर तिथे चटका बसतो, माझ्या करंगळीवर त्याची खूण आहे. अंगठी काढायची (माझी सहा वर्षांपूर्वीच कापून काढावी लागली, तो प्रश्न मिटला). बोटं किंचित फाकवून बुडवायचं, काढायचं, चकाकी जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा बुडवायचं, असं आठ ते दहा वेळा. पहिल्या वेळी मेण जिथवर आलं त्याच्या वर पुन्हा न्यायचं नाही, नाहीतर गरम मेण आत शिरतं. मग प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं सुखाची असतात, हे कबूल. ठणका आत कुठेतरी लांब जातो. मेण सोलून काढताना अख्खा हातमोजा निघतो आणि आतून बोटांच्या रेषा उमटलेल्या असतात, नखांच्या कडासुद्धा. माझ्या हातमोज्याची चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली दिसतात. रोज हात बघताना ते एवढं जाणवत नव्हतं. मेणात जाणवलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो मोजा हातात धरून बराच वेळ बसले होते. मग परत भांड्यात टाकला, वितळला. मेण मी फेकत नाही. दवाखान्यात फेकतात ते बरोबरच आहे, तिथे दहा जणांचे हात असतात. इथे एकटीचेच, तेही धुतलेले. गाळून गाळून वापरते. पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या तिप्पट चाललं आहे.

एक तक्रार विजेची. गार घट्ट मेण वितळायला साडेतीन तास. म्हणजे सकाळी साडेसहाला हात घालायचा तर पहाटे तीनला चालू करायला हवं. रात्रभर चालू ठेवा म्हणतात. का ठेवू? मी वेळ लावायचा प्लग आणला, तीनला आपोआप चालू. वितळलेल्या मेणावर कडेने पातळ पांढरी साय धरायला लागली की समजायचं, हाताजोगं झालं. तरी थर्मामीटर घालून बघतेच.

चौथ्या महिन्यात मी या यंत्राला पाच पैकी पाच दिले असते. आखडलेपणा दीड तासावरून पाऊण तासावर आला होता. ओळखीतल्या दोघींना घ्यायलाही लावलं. ते गुण आता मागे घेते. पूर्ण नाही, पण घेते. झालं असं की त्याच्या दोनेक महिने आधी डॉक्टरांनी माझी मेथोट्रेक्झेटची (आजार आटोक्यात ठेवणारी मुख्य गोळी) आठवड्याची मात्रा 15 वरून 20 मिलिग्रॅम केली होती. या गोळीचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. मी मात्र रोज समोर दिसणाऱ्या मेणाला श्रेय देत होते. गोळी बिचारी आठवड्यातून एकदाच भेटते, तिची कोण आठवण काढणार? (आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल करून ठेवला आहे.)

त्याच काळात एक मूर्खपणाही केला. उजवं मनगट भडकलं होतं, लाल, सुजलेलं, हात लावला तर तापलेलं. जास्त दुखतंय तर जास्त शेकूया म्हणून दिवसातून तीनदा मेणात घातलं. संध्याकाळपर्यंत पेला उचलेना. डॉक्टर म्हणाले, सांधा स्वतःच तापलाय, त्याला वरून आणखी कशाला तापवता? भडका असेल तेव्हा थंड पट्टी, आणि मेण सूज ओसरल्यावर. पुस्तिकेत मेणाच्या सुगंधाबद्दल अर्धं पान आहे, याबद्दल एक ओळ नाही.

मग सातव्या महिन्यात यंत्र गेलं. दिवा लागतो, मेण थंड. सेवा केंद्राला फोन केला.

"मॅडम, मेण काढून यंत्र घेऊन या."

"अहो, मेण घट्ट झालंय. वितळल्याशिवाय निघणार कसं?"

"वितळवून काढा ना."

"वितळवायचं यंत्रच बंद आहे!"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "ते तुम्ही बघा मॅडम, मेणासकट आम्ही घेत नाही."

मेण ज्वालेजवळ नेता येत नाही, पेट घेतं. शेवटी लेकीने केस वाळवायचं यंत्र भांड्याच्या बाहेरून फिरवलं, चाळीस मिनिटं. भांडं उलटं करून आपटल्यावर तीन किलोची पांढरी वीट धप्पकन बाहेर पडली. तिच्या तळाशी माझ्या एका जुन्या मोज्याचा अंगठा न वितळता तसाच अडकलेला होता.

केंद्रावर प्लगचा विषय मीच काढला, ती चूक माझी. "टायमर लावला? मग वॉरंटी गेली." पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून मी त्यांना ऐकवलं की टायमर हा शब्द त्यात कुठेच नाही. चार फोन, दोन हेलपाटे. अखेर थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) फुकट बदलून दिला.

आणि ते 23 दिवस. मी वाटच बघत होते की आता हातांचं काही खरं नाही. रोज उठल्यापासून सदऱ्याचं वरचं बटण लागेपर्यंतची वेळ लिहून ठेवली. मेण असताना साधारण 45 मिनिटं. मेण नसताना 55, एखाद्या दिवशी तास. बस, एवढाच फरक. सूज तशीच, रक्तातला सीआरपी (अंगातला दाह दाखवणारा आकडा) तसाच. मेणाने आजार हलत नाही, हे मला दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: शेकून झाल्यावर हात मऊ असतो तेवढ्यात मूठ वळा, अंगठा एकेका बोटाला लावा, तळवा टेबलावर ठेवून बोटं पसरा. संशोधनातही मेणाचा हाताला थोड्या काळापुरता फायदा व्यायामाच्या जोडीने दिसला आहे, नुसत्या शेकाने नाही. पहिले तीन महिने मी शेकून झाल्यावर पेपर वाचत बसायचे.

तरी घ्यावं का? गोळ्या चालू असतील, व्यायाम खरंच करणार असाल आणि सकाळची दहा-पंधरा मिनिटं तुमच्यासाठी मोलाची असतील तर घ्या. माझ्यासाठी आहेत. हाताची बधिरता असेल, जखम असेल तर नको. गोळ्यांऐवजी म्हणून घेत असाल तर तर मुळीच नको. सांधा झिजत राहील आणि तुम्हाला ऊब मिळत राहील.

दुरुस्तीच्या वेळी न विचारता त्यांनी झाकणही नवीन बसवून दिलं. जुन्याचे खटके माझ्या चमच्याने सैल झाले होते, बऱ्यापैकी उघडायला लागलं होतं. नवीन एकदम कडक. पहिल्या सकाळी चमच्याची दांडीच मोडली. काल लेकीकडून पक्कड मागवली आणि दोन्ही खटके मुळापासून छाटून टाकायला लावले. "आई, वॉरंटी जाईल हं," ती म्हणाली. म्हटलं, काप. आता झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, कड थोडी बाहेर. आज सकाळी मनगटाच्या मागच्या बाजूने ढकललं आणि सरकलं.